जिम न लावता तंदुरुस्त राहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिमचा विषय निघाला की ठरलेली उत्तरं येतात. वेळ नाही, फी परवडत नाही, जवळपास चांगली जिम नाही, तिथे जायला संकोच वाटतो. ही कारणं खोटी नसतात. पण जिम न लावण्याची कारणं म्हणजे व्यायाम न करण्याची कारणं नव्हेत, एवढंच धरून खालची उत्तरं लिहिली आहेत. वाचणारा माणूस प्रौढ आणि साधारण निरोगी आहे असं गृहीत धरलंय. ज्यांना दुखणं आहे त्यांनी आधी डॉक्टरांबद्दलचा प्रश्न वाचावा.

जिमशिवाय खरंच जमतं का, की ही मनाची समजूत?

जमतं. जिममध्ये पैसे भरून मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: थोडं थोडं वाढवता येणारं वजन आणि ठरलेली वेळ. घरचा व्यायाम फसतो तो बहुतेकदा या दोन गोष्टींवाचून. माणूस वर्षभर तेच दहा नमस्कार, तेवढ्याच वेगाने, मूड असेल तेव्हा घालतो आणि मग म्हणतो, फरक पडत नाही. कसा पडेल? शरीराला एखाद्या कामाची सवय झाली की ते त्याच्यासाठी आणखी बदलत नाही. काम थोडं अवघड करत न्यावं लागतं. ते घरी कसं करायचं हाच या सगळ्याचा गाभा आहे.

स्पर्धेत उतरण्यासारखं पिळदार शरीर हवं असेल, तर मात्र जिमच लावा.

आठवड्याला किती व्यायाम पुरतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला हिशोब सोपा आहे. मध्यम श्रमाचा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोरदार श्रमाचा ७५ ते १५० मिनिटं, किंवा दोन्हींची सरमिसळ. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम.

मध्यम आणि जोरदार यातला फरक ओळखायला घड्याळ लागत नाही. चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. गाणंही आरामात म्हणता येत असेल तर तुम्ही फिरायला निघाला आहात. तेही चांगलं, पण या हिशोबात धरू नका.

मी रोज सकाळी चालतो. मग आणखी काही कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर लोकांना आवडत नाही.

चालण्याने दम वाढतो, हृदयाला फायदा होतो, साखर आणि रक्तदाबाला मदत होते, मन ताळ्यावर राहतं. याबद्दल वाद नाही. पण सपाट रस्त्यावर चालून छाती, खांदे, पाठ आणि दंड यांना काहीच काम मिळत नाही. मांड्यांनाही फार थोडं मिळतं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि नुसत्या चालण्याने ती घट थांबत नाही. वीस वर्षं न चुकता फिरायला जाणारे काका जमिनीवर जेवायला बसले की उठताना हाताचा आधार शोधतात, ते यामुळे.

तेव्हा चालणं सोडू नका. आठवड्यातल्या दोन-तीन दिवशी त्यातली वीस मिनिटं कापून ती ताकदीच्या व्यायामाला द्या. आणि जेवढं चालाल तेवढं जरा भरभर चाला. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली तर बहुतेकांसाठी तो मध्यम श्रम होतो. एक मिनिट मोजून बघा. आपला सकाळचा ग्रुप किती रमतगमत चालतो ते लगेच लक्षात येईल.

आणि ते दहा हजार पावलांचं काय?

हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. गोल आकडा, लक्षात राहिला. पुढे जे अभ्यास झाले त्यांत सात-आठ हजारांपर्यंत फायदा चांगला वाढताना दिसतो आणि त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो. सध्या तुमची तीन हजार होत असतील तर पाच हजार करणं ही मोठी मजल आहे. रात्री अकरा वाजता उरलेली आठशे पावलं भरून काढायला हॉलमध्ये येरझारा घालायची गरज नाही.

सूर्यनमस्कार हा पूर्ण व्यायाम आहे ना?

जवळजवळ. आणि या 'जवळजवळ'मध्येच गोम आहे.

आधी त्याची बाजू. औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा जोरदार प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले. गंमत म्हणजे हा माणूस आधी युजीन सँडो या जगप्रसिद्ध बलदंडाच्या पद्धतीने, साधनं घेऊन व्यायाम करत होता. म्हणजे त्या काळची जिमच. ती सोडून ते नमस्कारांकडे वळले. साधन नको, जोडीदार नको, सतरंजीएवढी जागा पुरे, आणि शाळेतल्या शंभर पोरांना एकदम करता येतो असा दुसरा व्यायाम त्यांना तरी कुठे सापडला असता?

एका नमस्कारात कणा पुढे-मागे वाकतो, मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, हातांवर भार येतो आणि भरभर घातले तर धाप लागते. बारा नमस्कारांना सावकाश घातले तरी पाच-सहा मिनिटं लागतात.

आता कमी काय आहे ते. यात ढकलणं आहे, ओढणं नाही. पाठीचा वरचा भाग आणि दंडाचा पुढचा स्नायू जवळपास रिकामे राहतात. मांड्यांवरही पूर्ण बैठकीइतका भार येत नाही. म्हणून नमस्कारांच्या जोडीला बैठका आणि ओढण्याचा एखादा व्यायाम हवा.

संख्येच्या मागे लागू नका. रथसप्तमीला १०८ घालून दुसऱ्या दिवशी अंथरुणातून न उठणारे पुष्कळ असतात. सहापासून सुरू करा, दर आठवड्याला दोन वाढवा. बारापाशी पोचलात की संख्या वाढवण्याआधी अष्टांगाच्या स्थितीत हळूहळू खाली येणं जमतंय का ते बघा. धपकन खाली पडत असाल तर त्या नमस्कारातली निम्मी ताकद तुम्ही वापरलीच नाही. मनगट दुखत असेल तर बोटं पसरून तळव्याचा सगळा भाग टेकवा. कंबर दुखत असेल तर भुजंगासनात फार मागे वाकू नका.

मला एकही जोर मारता येत नाही. कुठून सुरू करू?

भिंतीपासून. यात कमीपणा काही नाही, गणित आहे. जमिनीवर साधा जोर मारताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. साठ किलोच्या माणसासाठी तो चाळीस किलो झाला. कधीही व्यायाम न केलेल्या माणसाच्या हातात जिममधला कुठलाच शहाणा शिक्षक पहिल्या दिवशी चाळीस किलो देणार नाही. तुम्ही स्वतःला का देता?

शरीर जितकं उभं, तितका हातांवरचा भार कमी. तेव्हा आधी भिंतीला हात टेकून जोर. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला. मग पलंगाच्या किंवा सरकणार नाही अशा भक्कम बाकाच्या कडेला. मग जमिनीवर. एका पायरीवर बारा-पंधराच्या तीन फेऱ्या नीट जमल्या की खालच्या पायरीवर उतरायचं. कुणाला यात दोन महिने लागतात, कुणाला आठ. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग फळीसारखं सरळ, कंबर खाली लोंबायला नको. कोपरं अगदी बाहेर फाकवू नका आणि अंगाला चिकटवूही नका, मधे कुठेतरी ठेवा. श्वास रोखू नका.

तालमीतले जोर, म्हणजे कमान करत पुढे सरकणारे, हे त्यापुढचं प्रकरण. त्यात खांदा आणि कंबर दोन्ही लवचीक लागतात. साधे वीस जोर सलग येईपर्यंत तिकडे वळू नका.

बैठकांनी गुडघे जातात म्हणतात. खरं का?

निरोगी गुडघे नीट मारलेल्या बैठकांनी जात नाहीत. उलट मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. गुडघेदुखीच्या रुग्णांनाही फिजिओथेरपिस्ट मांडीचेच व्यायाम देतात.

पैलवानी बैठक मात्र चवड्यांवर, पूर्ण खाली आणि वेगाने असते. चाळिशीत पहिल्यांदाच व्यायाम करणाऱ्याने ती शंभराच्या हिशोबात मारू नये. तुम्ही खुर्चीपासून सुरू करा. हात पुढे, टाचा जमिनीवर, खुर्चीला बूड टेकेल न टेकेल इतकं खाली जायचं आणि उठायचं. खाली जायला मनात तीन अंक मोजा. पंधराच्या तीन फेऱ्या सोप्या वाटू लागल्या की खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल घ्या. मग पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक. मग एक पाय मागे ठेवून, बहुतेक भार पुढच्या पायावर घेऊन. इथपर्यंत पोचलात तर मांड्यांसाठी जिमची आठवण बराच काळ येणार नाही.

ओढण्याचा व्यायाम घरी कसा करायचा?

बादलीने. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे माप जगातल्या कुठल्याही डंबेलइतकं चोख आहे. डावा हात स्टुलावर टेकवून पुढे वाका, पाठ सपाट ठेवा आणि उजव्या हाताने पाच लिटर भरलेली बादली कमरेपर्यंत ओढा. दहा वेळा. मग दुसरा हात. दर आठवड्याला अर्धा लिटर वाढवा. इतकं बारीक वाढवायची सोय बऱ्याच जिममध्येही नसते. फरशी ओली होईल अशी भीती असेल तर पिठाची पाच किलोची पिशवी चालते.

जवळच्या बागेत आडवी दांडी असेल तर नुसतं लोंबकळून सुरुवात करा. वीस सेकंद लटकणंसुद्धा पहिल्या आठवड्यात अनेकांना जमत नाही. दाराला चादर अडकवून ओढायचे व्हिडिओ दिसतात. बिजागऱ्या जुन्या असतील तर या भानगडीत पडू नका.

दिवसभर घरकाम करते. तो व्यायाम नाही का?

आहे. उकिडवं बसून फरशी पुसणं, हाताने कपडे धुणं, पाणी भरणं हे श्रमच आहेत आणि आठवड्याच्या मिनिटांत ते धरावेत. पण घरकाम तेच स्नायू त्याच पद्धतीने वापरतं, बरंचसं काम वाकूनच होतं, आणि दोन वर्षांपूर्वी जेवढं अवघड होतं तेवढंच आजही असतं. म्हणून दिवसभर राबूनही कंबर दुखते आणि ताकद वाढत नाही. आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटं जोर, बैठका आणि बादली केली तर तेच घरकाम कमी थकवतं.

जाता जाता: 'तुला कशाला व्यायाम, घरात होतोच की' हे वाक्य ऐकवणाऱ्या मंडळींच्या हाती एक दिवस घरकाम द्यावं आणि संध्याकाळी त्यांना विचारावं.

वन रूम किचनमध्ये राहतो. जागा नाही, खाली शेजारी आहेत.

वर सांगितलेलं सगळं एका सतरंजीवर मावतं. दोरीवरच्या उड्या मात्र तळमजल्यावर, अंगणात किंवा मैदानातच. दम वाढवायला घरात जागच्या जागी गुडघे उंच घेत चाला, किंवा इमारतीचा जिना वापरा.

जिना चढणं खरंच इतकं चांगलं आहे?

लिफ्टच्या रांगेत जाणाऱ्या वेळात हृदयाला जोरदार काम मिळतं, हे कमी आहे का? चार मजले म्हणजे साधारण बारा मीटर उंची, आणि तेवढं स्वतःचं अख्खं वजन तुम्ही वर नेता. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर धाप लागून बोलता येत नसेल तर दोन मजल्यांपासून सुरू करा.

टेकडीही याच जातीची. पुण्यात पर्वती, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई; साताऱ्यात अजिंक्यतारा. पर्वतीच्या शंभरेक पायऱ्या न थांबता चढणं हे पहिल्या महिन्याचं चांगलं लक्ष्य आहे. सिंहगड आतकरवाडीकडून चढून जाणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: चढताना छाती बोलते, उतरताना मांड्या. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचं दुखणं मुख्यतः उताराचं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर काठी घ्या आणि लहान पावलं टाका.

पावसाळ्यात काय?

टेकडीच्या दगडांवर शेवाळं धरतं, तिकडे जपून. चाळीची गॅलरी, पार्किंग, जिना आणि घरातली सतरंजी यांवर चार महिने सहज निघतात.

पोट कमी करायचंय. कुठला व्यायाम?

पोटाचा व्यायाम करून पोटावरची चरबी उतरत नाही. शरीर चरबी कुठून वापरायची ते स्वतः ठरवतं. पाठीवर पडून उठायच्या सिट-अप्स काढल्या तर आतले स्नायू घट्ट होतील, वरचा थर तसाच राहील. तो उतरतो खाणं आवरल्याने आणि एकूण हालचाल वाढल्याने, आणि त्यात खाण्याचा वाटा मोठा असतो. तासभर चालून खर्च केलेलं एक वडापाव आणि एक गोड चहा पाच मिनिटांत परत भरून काढतात.

वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी जास्त खरं सांगते. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात.

मग खायचं काय? पावडर लागते का?

पावडर लागत नाही, प्रथिनं लागतात. भारतीय शिफारस वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने थोडी जास्त घ्यावीत. आपल्या ताटात घोळ सकाळी होतो. पोहे, उपमा, साबुदाणा, चहा-खारी यांत प्रथिनं नावापुरती. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस. पोह्यांबरोबर दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ घेतली तरी चित्र बदलतं. मासे खाणाऱ्या कोकणी आणि गोवेकर मंडळींना या बाबतीत आम्ही काय सांगणार.

कधी करावा? सकाळी उपाशीपोटीच का?

ज्या वेळेला रोज जमेल ती वेळ चांगली. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, एवढंच पथ्य. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण साखर एकदम उतरू शकते.

अंग दुखत असेल तर सुट्टी घ्यावी का?

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू ठणकतात, दोन्ही बाजूंना सारखे. हे चालतं. त्या दिवशी चाला, ताकदीचं काम पुढे ढकला. सांध्यात टोचणारी, एकाच बाजूची, सूज असलेली किंवा रात्री झोपू न देणारी वेदना असेल तर थांबा आणि दाखवून घ्या.

आई-बाबांनी साठीनंतर काय करावं?

चालणं आहेच. त्यात दोन गोष्टी घाला: खुर्चीतून उठणं आणि तोल.

हातांची घडी छातीवर ठेवून, हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा खुर्चीतून पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषांत चौदापेक्षा कमी आणि स्त्रियांत बारापेक्षा कमी आलं तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे असं समजतात. उपायही तोच: दिवसातून दोनदा, आठ-दहा वेळा खुर्चीतून उठा-बसा. तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एक पाय उचलायचा, दहा सेकंद, हात ओट्याच्या अगदी जवळ. पासष्टीनंतर तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी व्हावेत अशी शिफारस आहे. म्हातारपणी बाथरूममधलं एक पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं किती महागात जातं ते बहुतेक घरांनी पाहिलेलं असतं. आणि हो, बाबांना 'आता या वयात वजन कशाला उचलता' म्हणून थांबवू नका. दोन लिटरची बाटली उचलू द्या.

एकट्याने होत नाही. सोबत कुठे मिळेल?

आपल्याकडे जिम यायच्या कितीतरी आधीपासून याची सोय आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४चं, दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. गावोगावी तालमी आणि लहान व्यायामशाळा आहेत. जवळपास मल्लखांबाचा वर्ग असेल तर नक्की बघा. ओढणं, तोल आणि लवचीकपणा एकाच खांबावर मिळतात.

बागांमधल्या ओपन जिमबद्दल माझं मत फारसं बरं नाही. त्या यंत्रांत वजन वाढवता येत नाही आणि बरीचशी नुसती झुलतात. गप्पा छान होतात. आडवी दांडी असेल तर तेवढी मात्र वापरा.

आठवडा कसा मांडावा?

सोमवार आणि गुरुवारी पंचवीस मिनिटं ताकद: थोडे नमस्कार अंग गरम करायला, मग बैठका, जोर आणि बादली, प्रत्येकी तीन फेऱ्या. आणखी तीन दिवस पस्तीस-चाळीस मिनिटं भरभर चालणं. रविवारी टेकडी किंवा लांबची सायकल. एक दिवस काही नाही. कॅलेंडरच्या चौकोनात पेनाने आकडे लिहा, किती जोर, कुठल्या उंचीवर, किती लिटर. पुढच्या वेळी वाढवायचं काय ते त्यावरून कळतं. एखादा आठवडा लग्नकार्यात किंवा गणपतीत गेला तर जिथे सोडलं त्याच्या एक पायरी खालून परत सुरू करा.

डॉक्टरांना आधी कधी विचारावं?

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया, गरोदरपण, किंवा चालताना छातीत दुखणं, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काही असेल तर सुरुवात करण्याआधी. व्यायाम करताना छातीत दाब आला, दुखणं हातात किंवा जबड्यात पसरलं, घाम फुटला तर 'गॅस असेल' म्हणत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

मुलांनाही हेच करायला लावू का?

जोर-बैठकांची मोजदाद त्यांना कंटाळवाणी वाटेल. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं हालचाल हवी. लंगडी, खो-खो, लगोरी, सायकल, पोहणं, झाडावर चढणं, काहीही चालेल. संध्याकाळी सहा ते सात मैदानावर सोडा, आणि त्या तासात क्लास लावू नका.